‘भक्त’ या शब्दाचा इतिहास: वाटा, भात आणि निष्ठा



मी म्हैसूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात गणित शिकवतो. घरची भाषा मराठी, बाजाराची कन्नड, वर्गाची इंग्रजी. इतिहास हा माझ्या पदवीचा विषय नाही, हे आधीच सांगून टाकतो. हे टिपण लिहायला कारण झाले ते एका वर्गातले भांडण. दोन मुलांची राजकारणावरून जुंपली, एकाने दुसऱ्याला ‘भक्त’ म्हटले आणि दुसरा शिवी दिल्यासारखा उसळला. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “सर, माझे आजोबा स्वतःला हनुमानाचे भक्त म्हणवतात. त्यांना त्याचा अभिमान आहे. मग ही शिवी कशी झाली?”

त्या तासाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी फळ्याकडे वळलो आणि पुढचे उदाहरण सोडवायला घेतले. गंमत म्हणजे उत्तराचा धागा त्या फळ्यावरच होता.

तुम्ही मराठी शाळेत गणित शिकला असाल, तर भाज्य, भाजक आणि भागाकार हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. या तिन्हींच्या मुळाशी संस्कृत ‘भज्’ हा धातू आहे. त्याचा मूळ अर्थ वाटून देणे, वाटून घेणे, वाट्याला येणे. भाग, विभाग, भागीदार, विभाजन, व्याकरणातली विभक्ती, सातबाऱ्याच्या भांडणातले ‘अविभक्त कुटुंब’ हे सगळे याच घरातले. ‘भक्षण’ही इथलेच, कारण वाट्याला आलेले माणूस खातो. फारसीतून आलेले ‘बक्षीस’ हे या कुटुंबाचे लांबचे इराणी भावंड आहे. ‘भग’ म्हणजे वाटा, ऐश्वर्य. ते ज्याच्यापाशी आहे तो ‘भगवान’.

आणि ‘भक्त’ हे ‘भज्’चे भूतकाळवाचक धातुसाधित रूप. म्हणजे आधी ‘वाटलेला’ किंवा ‘वाट्याला आलेला’, आणि मग ‘जोडला गेलेला, एखाद्याच्या बाजूचा झालेला’. संस्कृतात या शब्दाचा आणखी एक रोजचा अर्थ होता: शिजवलेले अन्न, विशेषतः भात. ‘सप्त’चे प्राकृतात ‘सत्त’ आणि मराठीत ‘सात’ झाले, त्याच रस्त्याने ‘भक्त’चे ‘भत्त’ आणि ‘भात’ झाले. जोडाक्षर सैल झाले आणि आधीचा स्वर दीर्घ झाला, एवढीच ती क्रिया. कन्नड मधल्या टप्प्यावर थांबली. म्हैसूरहून मंड्याकडे निघालात की कावेरीच्या कालव्यांवर दुतर्फा जी साळीची शेते लागतात, त्या पिकाला इथला शेतकरी आजही ‘भत्त’ म्हणतो. मराठी मुलगी ‘भातुकली’ खेळते तेव्हा तिच्या हातात हाच शब्द असतो.

देवाचा भक्त आणि ताटातला भात एकाच शब्दातून निघाले, हा निव्वळ योगायोग नव्हे. निष्ठा आणि वाटा यांचे नाते आपल्या भाषांनी फार पूर्वी पाहिले होते. माझ्या समजुतीप्रमाणे या शब्दाचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे त्यातला वाटा कधी दिसतो आणि कधी दिसेनासा होतो, याची हकिकत आहे.

पाणिनीपासून सुरुवात करू. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात ‘भक्ति’ या अर्थाने प्रत्यय सांगणारी काही सूत्रे एका ओळीने येतात. अमक्याची भक्ती ज्याला आहे त्याला काय म्हणावे, हा तिथला प्रश्न. तिथे फक्त देव असतील अशी आपली अपेक्षा असते. वासुदेव आणि अर्जुन आहेतच, रा. गो. भांडारकरांसारख्या अभ्यासकांनी त्या सूत्राचा उपयोग वासुदेवपूजेचा प्राचीन पुरावा म्हणून केला. पण त्याच ओळीत खाद्यपदार्थही येतात. अपूपाची, म्हणजे घारग्या-अनरशांसारख्या गोड पदार्थाची, ज्याला भक्ती तो ‘आपूपिक’. पायसाची म्हणजे खिरीची भक्ती तो ‘पायसिक’. महाराजाची भक्ती तो ‘माहाराजिक’ (हा महाराज म्हणजे राजा की कुबेर, यावर पंडितांचा वाद आहे). अंग देशाची भक्ती ज्याला, तो ‘आंगक’. म्हणजे देव, खीर, राजा आणि देश ही सगळी व्याकरणकाराच्या लेखी एकाच प्रकारची ओढ होती. भक्ती म्हणजे आपण कशाच्या वाट्याला गेलो आहोत, एवढेच. तिच्याभोवती वलय नव्हते.

आता माझ्या गावाची गोष्ट. म्हैसूरला कृष्णराज बुलेव्हार्डवर एक जुनी, देखणी इमारत आहे. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली, त्या निमित्ताने तिचा पाया घातला गेला. १८९१ मध्ये स्थापन झालेले प्राच्य ग्रंथालय, म्हणजे आजची प्राच्यविद्या संशोधन संस्था, तिथे आहे. तंजावर जिल्ह्यातल्या एका पंडिताने ताडपत्रांची एक पोथी या ग्रंथालयाला दिली होती. लिपी ग्रंथ. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ती वाचली आणि १९०५ मध्ये त्यांच्या लक्षात आले की शतकानुशतके ज्याचे फक्त उल्लेख सापडत होते, ते कौटिल्याचे अर्थशास्त्र आपल्या हातात आहे. १९०९ मध्ये त्यांनी संस्कृत ग्रंथ छापला, १९१५ मध्ये इंग्रजी भाषांतर काढले. पुढे मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात चिकित्सक आवृत्ती, भाषांतर आणि अभ्यास असे तीन खंड सिद्ध केले. तुमच्या ग्रंथालयात कंगले असतील तर भाषांतराचा खंड जरूर काढा. तळटीपा वाचायला विसरू नका.

आपला शब्द या ग्रंथात दोन्ही अर्थांनी येतो, म्हणून मी तुम्हाला इथे आणले. अमात्याच्या अंगी कोणते गुण हवेत, त्या लांबलचक यादीत ‘दृढभक्ति’ हा एक गुण आहे. इथे भक्ती म्हणजे राजाशी निष्ठा. आणि नोकरांच्या पोषणाचे प्रकरण (पाचव्या अधिकरणाचा तिसरा अध्याय) उघडले की ‘भक्तवेतन’ भेटते. इथे भक्त म्हणजे शिधा: भात आणि पगार. त्यांचा विनिमय कसा करायचा तेही कौटिल्य सांगतो. वर्षाला ६० पण वेतन असणाऱ्याला त्याऐवजी एक आढक धान्य, आणि याच प्रमाणात पुढे. राजाच्या शेतमळ्यावर राबणाऱ्या दासांना आणि मजुरांना माणसागणिक शिधा आणि महिन्याला सव्वा पण द्यावा, असा हिशेब दुसऱ्या अधिकरणात आहे.

पण खरी मौज वेतनांच्या यादीच्या अगदी वरच्या ओळीत आहे. मंत्री, पुरोहित, सेनापती, युवराज, राजमाता, पट्टराणी यांना ४८,००० पण. एवढे का? कौटिल्य कारण देतो: एवढ्या पोषणाने ते कोणाच्या गळाला लागत नाहीत आणि उठावही करत नाहीत. प्रेम, कृतज्ञता, संस्कार असले काही तो बोलत नाही. कामावर असताना मेलेल्या सेवकाच्या बायकामुलांना ‘भक्तवेतन’ मिळावे, हा नियमही तिथेच आहे. आजच्या भाषेत कुटुंब निवृत्तिवेतन. निष्ठा हवी असेल तर तिचा भात वेळेवर आणि घरापर्यंत पोचला पाहिजे.

कौटिल्य भाबडा नव्हता, हे तुम्ही जाणताच. अमात्याची पारख धर्म, अर्थ, काम आणि भय अशा चार आमिषांनी गुपचूप करावी, असेही तो सांगतो. आपल्या राज्यातले कोणते लोक शत्रूला फितवता येतील, तर रागावलेले, लोभी, भ्यालेले आणि मानी. या चौघांची यादी देताना रागावलेल्यांच्या सदरात त्याने कोण घातले आहेत ते पाहा: ज्यांना देऊ केलेले दिले गेले नाही, ज्यांचा अपमान झाला, ज्यांचा हक्क दुसऱ्याला गेला. फितुराच्या मुळाशीही पुन्हा बुडालेला वाटाच.

या व्यवहाराची एक काळी बाजू आहे आणि ती लपवू नये. मनुस्मृतीत दासांचे सात प्रकार सांगितले आहेत, त्यांतला एक ‘भक्तदास’. नाव ऐकून कोणी भगवद्भक्त वाटेल. तो आहे पोटाच्या भातासाठी गुलाम झालेला माणूस. ज्याच्यापाशी भात, त्याच्यापाशी माणूस, असा हा दुसरा अर्थ.

कोरीव लेखांत हा शब्दसमूह वेगळ्याच तोऱ्यात दिसतो. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तक्षशिलेच्या ग्रीक राजाचा वकील हेलिओडोरस विदिशेजवळ बेसनगरला गरुडध्वज उभारतो आणि स्वतःला ‘भागवत’ म्हणवतो. दुसरा चंद्रगुप्त नाण्यांवर ‘परमभागवत’ आहे. हर्षवर्धनाच्या ताम्रपटांत त्याचा बाप ‘परमादित्यभक्त’, भाऊ ‘परमसौगत’ म्हणजे बुद्धाचा, आणि तो स्वतः ‘परममाहेश्वर’. एका घरात तीन दैवते, आणि घर फुटल्याची तक्रार नाही. हे मला फार आवडते. मात्र हेही खरे की इथे भक्त हे राजाचे बिरुद झाले आहे. शिध्याच्या रांगेतला भक्त ताम्रपटावर येत नाही.

तो पुन्हा दिसतो मध्ययुगात, आणि आपल्याच सीमाभागात. बाराव्या शतकात बसवण्णांची कारकीर्द मंगळवेढ्याला, म्हणजे आजच्या सोलापूर जिल्ह्यात, सुरू झाली आणि कल्याणला बहरली. वीरशैव मार्गात षट्स्थलाची पहिली पायरीच ‘भक्त’ आहे. तिथून वर जात जात ‘शरण’ आणि ‘ऐक्य’. पण नुसते नाव घेऊन भागत नाही. काम करायचे, त्याला ‘कायक’ म्हणतात. आणि मिळवलेले सर्वांसोबत वाटून खायचे, त्याला ‘दासोह’ म्हणतात. म्हैसूरच्या आसपास कोणत्याही मठात दुपारी गेलात तर ‘दासोह’ हा शब्द पाटीवर दिसेल आणि पानात भात पडेल.

पंढरपूरकडे या. मराठी संतपरंपरेतल्या सामान्य माणसाने स्वतःसाठी निवडलेले नाव ‘भक्त’ नाही, ‘वारकरी’ आहे. वारी करणारा. मनात काय आहे याची ग्वाही देण्यापेक्षा पायांनी काय केले ते सांगणारा हा शब्द आहे. वाटेत सगळे एकमेकांना ‘माउली’ म्हणतात आणि एकमेकांच्या पाया पडतात. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो. आपापली शिदोरी एकत्र कालवायची आणि वाटायची. भज् धातूचा इतका सरळ अर्थ मला कोणत्याही कोशात सापडला नाही.

तरीही चोखोबा देवळाबाहेरच राहिले. भक्त होते, वाटा नव्हता. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावे लागले. चोखोबांनंतर सहाशे वर्षांनी. त्यामुळे भक्तिपरंपरेने समता आणली, असे परीक्षेत लिहिताना जरा थांबा; काल्याच्या ताटापर्यंत आणली, गाभाऱ्यापर्यंत नाही, असे लिहिले तर जास्त खरे होईल.

राजकारणातली मराठी या काळात फारसीच्या शाळेत गेली होती. तिने निष्ठेसाठी ‘इमान’ घेतले. इमानेइतबारे चाकरी करणे हा वाक्प्रचार आजही जिवंत आहे. पण तिथेही स्वयंपाकघर सुटले नाही. इमानी माणूस खाल्ल्या मिठाला जागतो, बेइमान नमकहराम आणि हरामखोर ठरतो, आणि कृतघ्न माणूस खाल्ल्या घरचे वासे मोजतो. भात जाऊन मीठ आले, एवढाच फरक. कोल्हापूरच्या गादीचे रामचंद्रपंत अमात्य यांचे ‘आज्ञापत्र’ (साधारण १७१५) मात्र उलट बाजूने सावध करते. वतनदारांना साधे रयत समजू नका, ते राज्याचे दायाद आहेत, म्हणजे वाटेकरी आहेत, असा त्याचा रोख. वाटा दिल्याने माणूस बांधला जातो, आणि वाटा कायमचा झाला की तोच माणूस वेगळा संसार थाटू पाहतो. पंतांनी हे डोळ्यांनी पाहिले होते.

आता पुन्हा त्या ज्युबिली इमारतीत या. १८८१ मध्ये इंग्रजांनी म्हैसूरचे राज्य वाडियार घराण्याला परत दिले. त्या दस्तऐवजात महाराजांनी आणि त्यांच्या वारसांनी राणीशी सदैव एकनिष्ठ आणि अधीन राहावे, असे कलम होते. शिवाय दरवर्षी मोठी खंडणी भरायची होती. वाट्याची दिशा पाहा. ज्याची निष्ठा, त्यानेच पैसे भरायचे. महाराज आपल्या बाजूने पदव्या देत, त्यांतली एक ‘राजसेवासक्त’. कन्नडचे मोठे कवी आणि प्राध्यापक बी. एम. श्रीकंठय्या यांना ती मिळाली होती. त्याच १८८१ च्या दसऱ्यात दिवाण रंगाचार्लू यांनी प्रतिनिधी सभा भरवली, १४४ सदस्यांची. तिला ऐकण्या-बोलण्याची मुभा होती, कायदा करण्याचा अधिकार नव्हता. म्हैसूरच्या लोकांचे महाराजांवर प्रेम होते, यात शंका नाही. जुन्या घरांतल्या भिंतींवरचे फोटो अजून उतरलेले नाहीत. पण याच लोकांनी १९४७ च्या सप्टेंबरमध्ये ‘म्हैसूर चलो’ म्हणत जबाबदार राज्यपद्धती मागितली आणि ऑक्टोबर संपण्याआधी के. सी. रेड्डी यांचे मंत्रिमंडळ आले. प्रेम आणि हक्काची मागणी एकाच माणसात सुखाने राहू शकतात.

ब्रिटिश मुलखात सरकारला हे पटत नव्हते. भारतीय दंड संहितेत १८७० साली घातलेले १२४-अ कलम सरकारविषयी ‘अप्रीती’ पसरवणे हा गुन्हा मानत होते. १८९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांचा खटला चालला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला या शब्दाचा अर्थ सांगताना प्रीतीचा अभाव असा अर्थ केला. तुम्ही इंजिनिअर होणार आहात, म्हणून तुमच्या भाषेत सांगतो: शून्य आणि ऋण यांत त्यांनी फरक केला नाही. प्रेम नसणे म्हणजेच वैर. टिळकांना अठरा महिने सक्तमजुरी झाली. १८९८ मध्ये कलमच दुरुस्त करून अप्रीतीत द्रोह आणि सर्व प्रकारची शत्रुत्वाची भावना येते असा खुलासा घातला गेला. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी सरकारी भाषांतरांवर आक्षेप घेतले, माझ्या मराठी शब्दांचे वजन इंग्रजीत बदलले आहे म्हणून. शब्दांच्या अर्थावरून माणूस सहा वर्षे मंडालेला जाऊ शकतो, हे लक्षात असू द्या. आणि १९२२ मध्ये अहमदाबादच्या न्यायालयात गांधीजींनी याच कलमाखाली गुन्हा कबूल करताना म्हटले की प्रेम काही कायद्याने निर्माण करता येत नाही.

याच काळात ‘राजभक्त’ आणि ‘राजनिष्ठ’ यांच्यासमोर ‘देशभक्त’ हा शब्द उभा राहिला. रत्नाप्पाण्णा कुंभारांसारख्यांच्या नावाआधी तो पदवीसारखा लागला, तो आजतागायत. राजाकडून देशाकडे निष्ठा वळवताना मराठीने शब्द तोच ठेवला, फक्त त्याचा धनी बदलला.

शब्द तोच ठेवण्यातला धोका ज्याने ओळखला, तो माणूस संविधानाचा मसुदा लिहीत होता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘भक्ती’ हा भारतीय शब्दच वापरला. धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांचा इशारा होता. राजकीय समतेबरोबर सामाजिक आणि आर्थिक विषमता राहिली तर लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त होईल, हे त्यांनी त्याच भाषणात सांगितले. बहुतेक जण यांतला एकच मुद्दा उद्धृत करतात, आपापल्या सोयीने. मला दोन्ही मुद्दे एकाच गणिताचे वाटतात: वाटा नसेल तर मागे उरते ती नुसती भक्ती.

मंत्री मराठीतून शपथ घेतात ती नीट ऐका. संविधानाबद्दल ‘श्रद्धा व निष्ठा’ बाळगण्याची ती शपथ आहे. भक्ती तिथे नाही. ‘निष्ठा’ हा स्था धातूचा शब्द, एका जागी ठाम उभे राहणे. महाराष्ट्रात निवडणुकीची तिकिटे वाटण्याच्या हंगामात ‘निष्ठावंत’ भलताच महाग होतो: ज्याला तिकीट मिळाले नाही तो प्रत्येक जण निष्ठावंत असतो, आणि डावलला गेला म्हणून बंडखोर होतो. २०२२ नंतर तर तेथे निष्ठेची प्रतिज्ञापत्रे गोळा झाली. कौटिल्याने ती यादी रागावलेल्यांच्या सदरात घातली असती.

तर त्या मुलीच्या प्रश्नाकडे. तिचे आजोबा हनुमानाचे भक्त आहेत तेव्हा ते शनिवारी देवळात जातात, नारळ फोडतात, खोबरे वाटतात आणि स्वतःही खातात. त्यांचा शब्द अजून जुन्या अर्थात आहे. वर्गातला ‘भक्त’ गेल्या दहा-पंधरा वर्षांत समाजमाध्यमांवर घडला. एखाद्या नेत्याचा जो समर्थक हिशेब विचारत नाही, असे बोलणाऱ्याला वाटते, त्याच्यासाठी. तो एका पक्षाच्या समर्थकांना उद्देशून रूढ झाला, पण आता सिनेनटांच्या, क्रिकेटपटूंच्या आणि विरोधी नेत्यांच्या चाहत्यांनाही लागतो. ‘अंध’ हे विशेषण आधी वेगळे लिहीत असत, आता तो शब्दाचाच भाग मानला जातो. मी त्या मुलाला पुढच्या तासाला सांगितले की समोरच्याला भक्त म्हणून गप्प करण्यापेक्षा त्याच्या नेत्याने त्याला काय दिले ते विचार, आणि तुझ्या नेत्याने तुला काय दिले तेही सांग. दोघांनी यादी करायला घेतली. तास संपला, याद्या अपुऱ्या राहिल्या.

जाता जाता पगारपत्रकाबद्दल. ‘महागाई भत्ता’ आणि ‘प्रवास भत्ता’ यांतला ‘भत्ता’ कंपनी सरकारच्या काळात लष्करी शब्द होता. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशाने त्याचा संबंध कन्नडमधल्या त्याच ‘भत्त’शी, भाताशी, जोडला आहे. १७६६ मध्ये क्लाइव्हने दुप्पट भत्ता बंद केला तेव्हा बंगालमधल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनीच बंड पुकारले होते.

स्वाध्याय म्हणून एक काम देतो. तुमच्या मातृभाषेत शिजलेल्या तांदळाला काय म्हणतात, आणि निष्ठावान माणसाला व फितुराला कोणते शब्द आहेत, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा. हिंदी, बंगाली, ओडिया, गुजराती घरांत ‘भात’ सापडेलच. तमिळ, मल्याळी, संथाळी, मिझो घरांतून काय येते ते पाहायला मी उत्सुक आहे. प्रत्येक शब्दापुढे तो कोणी आणि कोणत्या प्रसंगी वापरला, हे लिहायला विसरू नका.